खडी क्रशर : सुरक्षित वापर

खाणीतला दगड फोडून आणि चाळून ठरावीक मापाची खडी करणारा यंत्रसंच म्हणजे खडी क्रशर. हॉपर (दगड ओतायचे मोठे तोंड), जॉ क्रशर (जबड्यासारख्या दोन पोलादी पाट्यांत दगड चिरडणारा), कोन क्रशर (शंकूच्या आकाराच्या भागाने तो आणखी बारीक करणारा), थरथरणारी चाळण आणि या सगळ्यांना जोडणारे पट्टे हे त्याचे मुख्य भाग. जॉ क्रशरचे पेटंट अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक यांनी १८५८ मध्ये घेतले. महाराष्ट्रात बहुतेक क्रशरवर काळा बेसाल्ट फोडला जातो.

यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा त्याच्या तोंडाशी माणसाचे काही काम नसते. धोका वाढतो तो अडकलेला दगड काढताना, पट्ट्याखाली सांडलेला माल ओढताना किंवा चाळणीची जाळी बदलताना. जॉच्या दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील (गती टिकवणारी चाके) असतात. वीज बंद केली तरी ती काही वेळ फिरत राहतात. ती थांबल्यावरही, दाबात धरलेला दगड निसटला की जबडा हलतो किंवा दगड उसळून वर येतो. तरीही जॉमध्ये उतरून घणाने दगड मोकळा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. फसलेला दगड वरून रॉक ब्रेकरने फोडावा. त्याहून चांगले म्हणजे तोंडाच्या रुंदीच्या सुमारे ८० टक्क्यांपेक्षा मोठा दगड हॉपरमध्ये पडूच देऊ नये. पोकलेनच्या बकेटचा तुटलेला दातही घातक ठरतो, म्हणून कोन क्रशरकडे जाणाऱ्या पट्ट्यावर लोहचुंबक बसवतात.

दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. चौघे काम करत असतील तर कुलपेही चार. त्यानंतर चालू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर मेले आहे याची खात्री करतात. ‘बटणापाशी माणूस उभा केलाय’ ही व्यवस्था कुलपाची जागा घेऊ शकत नाही. तो माणूस पाणी प्यायला जातो, पाळी बदलते, आणि नव्या माणसाला आत कोण आहे ते ठाऊक नसते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी भोंगा वाजवावा.

पट्टा वरून निरुपद्रवी दिसतो. पण सेकंदाला दीड मीटर वेगाने चालणारा पट्टा अर्ध्या सेकंदात हात ७५ सेंटीमीटर आत ओढतो, म्हणजे माणूस ओरडेपर्यंत खांदा पुलीपाशी पोहोचलेला असतो. फावडे, पदर, ओढणी, सैल बाही यांपैकी काहीही आधी अडकू शकते. त्यामुळे दोन्ही टोकांच्या पुल्यांना जाळीचे आवरण आणि पट्ट्याच्या कडेने, कुठूनही ओढता येईल अशी थांबवण्याची दोरी आवश्यक असते.

धूळ सावकाश मारते. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकात अडते. फुफ्फुसाच्या तळाशी जाते ती न दिसणारी. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका (फुफ्फुसाला घातक असलेला दगडातला स्फटिकरूप घटक) कमी असते, पण ग्रॅनाइट आणि क्वार्ट्‌झ फोडताना ती भरपूर उडते. नांदेडकडे ग्रॅनाइट आहे, सिंधुदुर्गात क्वार्ट्‌झयुक्त दगड. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्‌झ दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून गेलेले आदिवासी मजूर सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, दगावले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. या आजारावर इलाज नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ सहज आरपार जाते. जिथे माल एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो तिथे पाण्याचे फवारे, चाळणीभोवती बंदिस्त पत्रे, वाऱ्याच्या दिशेला भिंत आणि आवारातले पक्के, ओले ठेवलेले रस्ते यांनी धूळ उगमापाशीच रोखावी लागते. मास्क हा त्यानंतरचा उपाय. काम सोडल्यावरही सिलिकोसिस वाढत जातो. त्यामुळे कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे काढून त्याची प्रत मजुराच्या हाती द्यायला हवी, कारण हंगाम संपला की तो गावी जातो आणि पुढचा डॉक्टर या आजाराला क्षय समजून त्याच्यावर क्षयाचे उपचार सुरू करण्याची शक्यता असते.