विल, मे, मस्ट आणि त्यांच्या शेजारचा छोटा शब्द

2001 साली हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीनं आपल्या तिसऱ्या अहवालात एक वाक्य लिहिलं. मागच्या 50 वर्षांतली बरीचशी तापमानवाढ हरितगृह वायूंमुळे झाली असणं ‘लाइकली’ आहे, असा त्याचा आशय होता. 2007 च्या अहवालात जवळपास तेच वाक्य पुन्हा आलं, फक्त शब्द ‘व्हेरी लाइकली’ झाला. 2013 मध्ये तो ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ झाला. 2021 मध्ये शक्यतेची भाषाच संपली आणि माणसामुळे पृथ्वी तापली हे ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निर्विवाद आहे, असं छापलं गेलं. वीस वर्षांच्या संशोधनाचा सगळा भार वाक्यातल्या त्या एका जागेवर पडला होता. या अहवालांच्या सारांशाची ओळन् ओळ देशोदेशीच्या सरकारी प्रतिनिधींसमोर मंजूर होते, त्यामुळे त्या जागेवर कुठला शब्द बसतो ही किरकोळ बाब नसते.

‘असं केलं तर असं होईल’ हे सांगताना इंग्रजी आपली खात्री दोन ठिकाणी ठेवतं. पहिली जागा सहायक क्रियापदाची: विल, वुड, मे, माइट, कुड, मस्ट. दुसरी त्याला चिकटून येणाऱ्या क्रियाविशेषणाची: प्रॉबब्ली, पॉसिब्ली, सर्टनली, इनएव्हिटेबली. शाळेत आपण पहिली जागा घोकतो. मे म्हणजे शक्यता, मस्ट म्हणजे सक्ती, विल म्हणजे भविष्यकाळ, संपलं. प्रत्यक्षात बारीक मापं दुसऱ्या जागेवर घेतली जातात. जंगल तोडलं तर पूर ‘कुड’ वाढतील, एवढ्यानं फक्त दार किलकिलं होतं. ‘कुड ईझिली’ म्हटलं की पूर उंबऱ्याशी आल्यासारखा वाटतो. ‘मे’ला ‘वेल’ जोडलं की ‘मे वेल’ होतं आणि नुसत्या मेपेक्षा शक्यता बरीच वर चढते. या ‘वेल’चा ‘चांगलं’शी इथे काही संबंध उरलेला नाही.

दोन्ही जागांवरचे शब्द एकाच सुरात असले तर ते एकमेकांत मुरतात. ‘मे पॉसिब्ली’ म्हणजे शक्यतेची शक्यता, असा दुहेरी अर्थ होत नाही. एकच शंका दोनदा उच्चारली जाते एवढंच. जॉन लायन्स या ब्रिटिश भाषावैज्ञानिकानं 1977 मध्ये अशा जोड्यांना सुसंवादी म्हटलं होतं. सूर जुळला नाही की वाक्य अडखळतं. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘मे प्रॉबब्ली’ सर्रास दिसतं. मे म्हणतं, सांगता येत नाही. प्रॉबब्ली म्हणतं, बहुतेक होणारच. माझ्या मते इथे लिहिणाऱ्यानं आधी स्वतःशी ठरवावं: बहुतेक होणार असेल तर ‘विल प्रॉबब्ली’, नसेल तर नुसतं ‘मे’.

नकार आला की शब्दांचा क्रम जिवावर बेततो. धरणाबद्दल ‘इट डेफिनेटली वोन्ट होल्ड’ म्हटलं तर धरण टिकणार नाही हे नक्की, गाव रिकामं करा. ‘इट वोन्ट डेफिनेटली होल्ड’ म्हटलं तर टिकेलच अशी हमी नाही, एवढंच. शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात खात्री नकाराला कवेत घेते, दुसऱ्यात नकार खात्रीला. ‘कान्ट पॉसिब्ली’ तर आणखी मजेदार आहे. एरवी मिळमिळीत वाटणारं पॉसिब्ली तिथे नकाराला धार लावतं: शक्यतेच्या कुठल्याही कोपऱ्यात शोधलं तरी हे घडणार नाही.

भाषावैज्ञानिकांना सगळ्यात जास्त छळलं आहे ते मस्टनं. तर्कशास्त्राच्या हिशेबानं ‘असलंच पाहिजे’ हे ‘आहे’पेक्षा बळकट हवं. पण खिडकीतून पाऊस दिसत असताना कुणी ‘इट मस्ट बी रेनिंग’ म्हणत नाही. ओल्या छत्र्या घेऊन माणसं आत येताना दिसली, तर म्हणतात. म्हणजे मस्ट आलं की बोलणाऱ्यानं पाऊस पाहिलेला नाही, हे ऐकणाऱ्याला कळून चुकतं. लाउरी कार्टुनेन यांनी 1972 मध्ये या विसंगतीवर बोट ठेवलं आणि मस्ट हे साध्या विधानापेक्षा कमकुवत असल्याचं मत रूढ झालं. 2010 मध्ये काय फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीज यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते मस्टची खात्री पूर्ण असते, फक्त पुरावा प्रत्यक्ष नसून अनुमानाचा आहे हे ते सोबत कळवतं. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. गणिताच्या सिद्धतेतही ‘देअरफोर एक्स मस्ट बी इव्हन’ असं लिहितात आणि तिथे शंकेला तसूभरही जागा नसते.

क्रियाविशेषण नेहमी खात्रीच मोजतं असंही नाही. औषधाच्या पाकिटातल्या कागदावर ‘मे रेअरली कॉज’ असं काही छापलेलं असतं. त्यातलं रेअरली कंपनीच्या मनातली शंका सांगत नाही, ते माणसं मोजतं. युरोपीय संघाच्या नियमांत हे ठरलेलं आहे. ‘रेअर’ म्हणजे 10,000 रुग्णांमागे 1 ते 10 जणांना होणारा परिणाम, ‘कॉमन’ म्हणजे 100 मागे 1 ते 10. ब्रिटनमध्ये डायान बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हे शब्द वाचायला देऊन अंदाज विचारले, तेव्हा ठरलेल्या आकड्यांच्या कितीतरी पट मोठे आकडे आले. ‘कॉमन’ वाचणाऱ्याच्या डोक्यात शंभरात पाच येत नाहीत.

हवामान अहवालांच्या बाबतीत उलटं घडतं. आयपीसीसीच्या कोष्टकात ‘लाइकली’ म्हणजे 66 टक्क्यांहून जास्त, ‘व्हेरी लाइकली’ 90 हून जास्त, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ 95 हून जास्त. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अहवालातली वाक्यं सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवली, आणि ‘व्हेरी लाइकली’ला वाचकांनी दिलेला आकडा कोष्टकापेक्षा बराच खाली निघाला. 2014 मध्ये 24 देशांत आणि 17 भाषांत हीच चाचणी घेतली, तरी चित्र फारसं बदललं नाही. औषधाचा छोटा आकडा लोक वर ओढतात, हवामानाचा मोठा आकडा खाली. दोन्हीकडे ओढ मधल्या पन्नासकडेच असते.

ही अडचण आधी जाणवली ती हेरखात्याला. मार्च 1951 मध्ये अमेरिकी गुप्तचर अंदाजात लिहिलं होतं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानावी. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं शर्मन केंट यांना विचारलं, म्हणजे नेमकं किती? येल विद्यापीठात इतिहास शिकवून मग सीआयएत आलेले केंट म्हणाले, 65 विरुद्ध 35, हल्ल्याच्या बाजूनं. अधिकारी चपापला, कारण त्यानं फार कमी धरलं होतं. मग केंटनी मसुदा मंजूर करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेक करून गाठलं. कुणाच्या मनात 20 विरुद्ध 80 होतं, कुणाच्या 80 विरुद्ध 20. त्या शब्दावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं! (हल्ला झाला नाही, पण त्यावरून कुणाचा आकडा बरोबर होता हे ठरत नाही.) 1964 मध्ये केंटनी याबद्दल लेख लिहून आपलं कोष्टक मांडलं. त्यात ‘प्रॉबबल’ म्हणजे सुमारे 75 टक्के, 12 इकडे-तिकडे. आकडे मागणाऱ्यांना त्यांनी गणिती म्हटलं आणि शब्दांवर भागवणाऱ्यांना कवी. कवींचा विरोध असा की आकडा दिला की नसलेली अचूकता असल्याचा आव येतो. या आक्षेपात तथ्य आहे. पण 20 आणि 80 एकाच शब्दात मावत असतील, तर मी गणितींच्या बाजूनं उभा राहीन.

कोष्टकं एकमेकांशी जुळत नाहीत ही कटकट उरतेच. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांतही कोकण-गोव्यासाठी ‘व्हेरी लाइकली’ लिहिलेलं असतं, पण तिथे त्याचा अर्थ 50 ते 75 टक्के. ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50, म्हणजे पाऊस पडण्यापेक्षा न पडण्याचीच शक्यता अधिक असतानाही हा शब्द बसतो. 75 च्या पुढे ‘मोस्ट लाइकली’. आयपीसीसीच्या मोजमापाची सवय झालेला माणूस हे पत्रक वाचून गरजेपेक्षा जास्त घाबरेल. हवामान विभागाची सवय झालेला माणूस समुद्राची पातळी वाढण्याबद्दल वाचून गरजेपेक्षा कमी. बुडेस्कूंच्या प्रयोगात उपाय साधा निघाला: शब्दाला लागूनच, त्याच वाक्यात आकडा दिला की वाचकांचे अंदाज कोष्टकाच्या जवळ सरकतात. हवामान विभागाचं कोष्टक मात्र पत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत पत्रकाचा बहुधा वरचा अर्धाच भाग असतो.