खिशातल्या यंत्रावरून सर्व्हर सांभाळणे : पार्श्वभूमी

हातातल्या बिनतारी यंत्रावरून सर्व्हरवर लक्ष ठेवण्याची पद्धत सुरू झाली ती एकतर्फी. नव्वदच्या दशकात पेजरवर इशारा येई आणि तो वाचून प्रशासक (सर्व्हर सांभाळणारा कर्मचारी) जवळचा टेलिफोन किंवा घरचा मोडेम गाठत असे. पेजरवरूनच काही दुरुस्त करण्याची सोय नव्हती. १९८८ मध्ये आलेल्या एसएनएमपी या, नेटवर्कवरच्या यंत्रांवर दुरून देखरेख ठेवण्याच्या, प्रोटोकॉलमध्ये त्या यंत्रांच्या नोंदी वाचण्याबरोबर त्या बदलण्याचीही तरतूद होती. मात्र पहिल्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच जात असल्याने अनेक ठिकाणी बदलाची बाजू बंद ठेवून केवळ वाचन चालू ठेवण्यात आले. पाहण्याची मुभा सर्वांना, हुकमाची कोणालाच नाही, ही तडजोड पुढे बरीच वर्षे टिकली, आणि माझ्या मते तिची जेवढी थट्टा झाली तेवढी वाईट ती नव्हती.

१९९६ मध्ये बाजारात आलेल्या नोकिया ९००० कम्युनिकेटर या फोनमध्ये दूरच्या संगणकाशी जोडणारे टेलनेट होते, म्हणजे ९.६ केबीपीएसच्या जोडणीवरून का होईना, सर्व्हरच्या कमांड लाइनपर्यंत (आज्ञा टाइप करण्याच्या जागेपर्यंत) पोहोचता येत होते. टेलनेटचा उघडेपणा (पासवर्डसकट सगळे न झाकता पाठवणे) टाळणारे एसएसएच त्याआधीच, १९९५ मध्ये, फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर लिहिले गेले होते, आणि पुढे पाम या हातात मावणाऱ्या संगणकासारख्या छोट्या यंत्रांवरही ते चालू लागले. अडचण कळफलकाची होती. कंट्रोल, एस्केप आणि पाइपचे चिन्ह या तीन गोष्टींवाचून कमांड लाइनवर पान हलत नाही, आणि नेमक्या त्याच या यंत्रांवर नव्हत्या किंवा मेनूत खोल दडलेल्या होत्या.

भारतात पेजर आणि मोबाइल दोन्ही १९९५ मध्ये आले, आणि त्यामुळे पेजरचा काळ थोडक्यात आटोपून इशाऱ्यांचे काम लवकरच एसएमएसकडे गेले. सर्व्हरला सिरियल केबलने जीएसएम मोडेम (मोबाइल नेटवर्कवर बोलणारा मोडेम) जोडायचा, त्यात साधे सिम घालायचे आणि इशारा १६० अक्षरांत बसवून पाठवायचा, ही जुळणी स्वस्त होती. शिवाय इंटरनेटची जोडणी तुटली तरी इशारा बाहेर पडे, हा तिचा खरा गुण. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, ती नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी होती. पण मोडेममधले साधे सिमही तिच्या कक्षेत आले, आणि नेटवर्कचा एक स्विच (अनेक सर्व्हर जोडणारे यंत्र) बंद पडून त्यामागचे सर्व सर्व्हर एकदम ओरडू लागले की १०० हा आकडा काही मिनिटांत संपू शके.

खरा वाद मात्र ब्लॅकबेरी या खिशातल्या ईमेल यंत्राने उभा केला. १९९९ च्या पहिल्या यंत्रापासून तिचे नाव ईमेलशी जोडले गेले, परंतु प्रशासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो कंपनीच्या आत बसवलेला तिचा सर्व्हर. हा सर्व्हर ३१०१ क्रमांकाच्या पोर्टवरून स्वतःच बाहेर जोडणी करी, त्यामुळे फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या राखण करणाऱ्या भिंतीत) बाहेरून आत येणारी वाट उघडावी लागत नसे. त्याच वाहिनीवरून यंत्राला आतल्या वेबसाइट आणि इतर सेवाही देता येऊ लागल्यावर सर्व्हर व्यवस्थापनाच्या विकाऊ प्रणाली तिच्यावर स्वार झाल्या. अडकलेली सर्व्हिस पुन्हा सुरू करणे, वापरकर्त्याचे बंद झालेले खाते उघडणे, सर्व्हर रीबूट करणे ही कामे यादीतून निवडून, चाक फिरवून आणि दाबून होऊ लागली. वेगळ्या व्हीपीएनची (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित जोडणीची) गरज नाही, ही विक्रेत्यांची मुख्य जाहिरात होती.

पण त्या जाहिरातीतच प्रश्न दडलेला होता. ईमेलसाठी दिलेल्या परवानगीच्या आधाराने सर्व्हर बंद करण्याचा अधिकार आत येत होता, आणि असा अधिकार द्यायचा की नाही याचा निर्णय अनेक ठिकाणी कोणी स्वतंत्रपणे घेतलाच नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये लास व्हेगसच्या एका सुरक्षा परिषदेत दाखवण्यात आले की, यंत्रावर बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम एक जोडणी बाहेरच्या हल्लेखोराशी आणि दुसरी आतल्या सर्व्हरशी उघडून दोघांमधला दुवा होऊ शकतो, आणि वाहिनी एन्क्रिप्टेड असल्यामुळे फायरवॉलला त्यातले काहीच दिसत नाही. हा आपल्या उत्पादनातला दोष नसून मांडणीचा प्रश्न आहे, अशी निर्मात्याची बाजू होती. ब्लॅकबेरीचा सर्व्हर नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावा आणि बाहेरचे प्रोग्रॅम धोरणाने रोखावेत, असा सल्ला त्याने दिला. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते, परंतु कप्पा वेगळा केला की व्यवस्थापनाच्या प्रणालीलाही आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला पुन्हा नियमांची भोके पाडावी लागत, आणि सोय हाच जिचा आधार होता त्या पद्धतीचा अर्धा फायदा तिथेच संपे. भारतात याच वाहिनीवर २००८ पासून काही वर्षे मोठा गदारोळ झाला, तो मात्र सरकारला तिच्यातले संदेश वाचता यावेत की नाही यावर. तिच्यातून आत कोण काय करू शकतो हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

२००८ मध्ये आयफोनचे अ‍ॅप स्टोअर आणि पहिला अँड्रॉइड फोन आल्यावर एसएसएचची अ‍ॅप सहज मिळू लागली आणि ब्लॅकबेरीची ती मधली वाहिनी मागे पडली. वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना सत्र तुटण्याचा जुना त्रास २०१२ च्या मॉश या प्रोग्रॅमने पुष्कळ कमी केला. सर्व्हर मदरबोर्डवरच्या स्वतंत्र नियंत्रकाशी बोलणारे आयपीएमआय हे मानक १९९८ पासून होतेच, आणि बंद सर्व्हरही त्याने चालू करता येत असल्याने फोनवरून ते वापरण्याचा मोह स्वाभाविक होता. २०१३ मध्ये त्यातल्या पासवर्ड तपासणीच्या गंभीर त्रुटी चव्हाट्यावर आल्यानंतर ते इंटरनेटवर उघडे ठेवू नये असे इशारे निघाले. आता अनेक ठिकाणी फोनवर पूर्ण कमांड लाइन देण्याऐवजी आधीच लिहून तपासलेल्या ठरावीक क्रियांना मंजुरी देण्याचे बटन तेवढे दिले जाते, आणि बटन कोणी केव्हा दाबले याची नोंद सर्व्हरच्या बाजूला ठेवली जाते.