शिंपला जिवंत म्हणजे पाणी स्वच्छ? नाही!

सोलापुरात कोकणातल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) आल्या की मावशी एक उघडी तिसरी उचलून टिचकी मारते. ती हळूच मिटते. “बघ, जिवंत आहे, म्हणजे पाणी चोख!” लहानपणापासून ऐकतेय हे. तिसरी ताजी आहे, एवढंच त्यातलं खरं.

शिंपले, कालवं पाणी गाळून खातात. त्या पाण्यातलं कॅडमियम, शिसं, तांबं त्यांच्या मांसात साठत जातं. यातल्या काही धातूंना त्यांच्या शरीरातली प्रथिनं बांधून ठेवतात, म्हणून शिंपले सहसा मरतही नाहीत. याच गुणामुळे १९७५ साली अमेरिकी सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची नियमित तपासणी सुचवली. बाटलीत घेतलेला पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, शिंपल्याचं मांस मागच्या काही महिन्यांचं. पण ते प्रयोगशाळेत तपासल्यावरच. आणि उकळून जंतू मरतात, धातू जात नाहीत.