कड्यावरचे गोल्फ मैदान

समुद्रात सरळ उतरणाऱ्या कड्याच्या माथ्यावर आखलेले गोल्फचे मैदान. त्याच्या निदान काही होलांची, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळीपर्यंतच्या पट्ट्यांची, एक कड थेट कड्याच्या धारेला लागलेली असते आणि खाली समुद्र असतो. आयर्लंड, इंग्लंड, अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंड येथील अशी मैदाने प्रसिद्ध आहेत. तिथे खेळणारे येतात तसे नुसते पाहायला येणारेही येतात. सोलापूरहून कॅलिफोर्नियात किंवा आयर्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या मुलामुलींकडे आईवडील जातात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यांना समुद्र दाखवायला अशाच एखाद्या कड्यावर नेले जाते. हातात कधी गोल्फची काठी न धरलेल्या माणसालाही तिथे पाहण्यासारखे पुष्कळ असते. ही नोंद मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

समुद्रकाठच्या सगळ्याच मैदानांना सरसकट ‘लिंक्स’ म्हटले जाते, पण खरी लिंक्स जमीन सखल किनाऱ्यावरच्या वाळूची असते. पाणी तिच्यात झटकन मुरते आणि गवत आखूड व राठ वाढते. कड्याच्या माथ्यावर बहुधा खडकावर मातीचा पातळ थर असतो, किंवा चिकणमाती असते. त्यामुळे तिथली हिरवळ राखणे अधिक कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, पण शहरात कडा असा नाही. इथला किल्लाही भुईकोट. पायाखाली मात्र दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर हाच खडक, वर जांभ्याचा थर घेऊन, समुद्राला भिडतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे कडे ग्रॅनाइटच्या जातीचे आहेत, म्हणून बरेच टिकाऊ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोमरचे कडे मातीचे, ठिसूळ आहेत. तिथे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल क्रोमर क्लबची काही जमीन कड्यासकट समुद्रात गेली आणि मैदान आत सरकवून घ्यावे लागले. याच क्रोमरला १९०५ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी महिला खेळाडूंचा अनौपचारिक सामना झाला. पुढे १९३२ मध्ये सुरू झालेल्या कर्टिस चषक या महिलांच्या गोल्फ स्पर्धेची मुळे त्यात शोधली जातात.

वारा

कड्यावरच्या खेळाचा खरा मालक वारा. समुद्रावरून आलेला वारा कड्याच्या भिंतीला आपटून वर चढतो. धारेशी उभ्या माणसाला कधी तो जाणवतही नाही, कारण तो डोक्यावरून निघून जातो. चार पावले मागे आले की झोत अंगावर येतो. चिमूटभर गवत उडवून वाऱ्याचा अंदाज घ्यायची खेळाडूंची जुनी सवय आहे, पण कड्यावर ती फसवते. गवत उडते छातीच्या उंचीवर, आणि चांगला मारलेला चेंडू पंचवीस-तीस मीटर वर जातो. तिथे वारा निराळाच असतो. जाणकार खेळाडू म्हणूनच ग्रीनवरच्या, म्हणजे खळीभोवतीच्या आखूड हिरवळीवरच्या, निशाणाकडे आणि समुद्रावरच्या लाटांच्या रेषांकडे पाहतात.

समोरून वारा असला की जोर लावून मारणे उलट अंगाशी येते. जोराच्या फटक्याने चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते. मग तो वर चढतो, हवेत थबकल्यासारखा होतो आणि अलीकडेच पडतो. त्यापेक्षा लांब पल्ल्याची काठी घेऊन सावकाश मारलेला चेंडू खालून जातो आणि पोहोचतो. पेबल बीचचा सातवा होल हे सगळे एकाच जागी दाखवतो. त्याची लांबी जेमतेम ९७ मीटर. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, उंचावर; ग्रीन खाली, छोटे, बंकरांनी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनी, वेढलेले आणि पलीकडे प्रशांत महासागर. शांत हवेत हा वेजचा, म्हणजे सर्वांत जवळच्या पल्ल्याच्या काठीचा फटका आहे. वारा उठला की तेवढ्याच अंतरासाठी नामवंत खेळाडूंनीही दूरच्या पल्ल्याची लोखंडी काठी काढलेली आहे. यूएस ओपन या अमेरिकेतील मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या १९९२ मधल्या शेवटच्या दिवशी वाऱ्याने भल्याभल्यांची दाणादाण उडवली. त्या दिवशी टॉम काइटने याच होलवर ग्रीनबाहेरून चेंडू थेट खळीत घातला आणि स्पर्धाही जिंकली.

जमीन तापली की समुद्रावरचा वारा दुपारी वाढतो. खेळायचे असो वा नुसते पाहायचे, सकाळची वेळ चांगली. सोलापूरच्या माणसाला वारा म्हटले की एप्रिल-मेमधल्या कोरड्या झळा आठवतात. कड्यावरचा वारा दमट आणि बोचरा असतो, आणि आयर्लंडमध्ये तर जूनमध्येही कानटोपी लागते.

काही प्रसिद्ध मैदाने

पेबल बीच १९१९ मध्ये सुरू झाले. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी ते आखले. आठव्या होलवर दुसरा फटका कड्याच्या खाचेवरून पलीकडे मारावा लागतो, आणि अठरावा होल सबंध किनाऱ्याला धरून जातो. खेळायचे शुल्क सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण मैदानाच्या भोवतालून जाणारा ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’ हा रस्ता गाडीमागे पथकर भरून कोणालाही पाहता येतो.

न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागातील केप किडनॅपर्स हे मैदान टॉम डोक याने आखले व ते २००४ मध्ये सुरू झाले. तिथे माथ्याची जमीन बोटांसारखी समुद्राकडे पसरली आहे आणि प्रत्येक बोटाच्या टोकाशी सुमारे १४० मीटरचा तुटलेला कडा आहे. तिथल्या भूशिराला केप किडनॅपर्स हे नाव कॅप्टन कुक याने १७६९ मध्ये दिले. जवळच गॅनेट या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोचे टॉरी पाइन्स सोलापूरच्या वाचकाला सर्वांत नवलाचे वाटेल, कारण ते त्या शहराच्या नगरपालिकेच्या मालकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा तळ होता. १९५७ मध्ये मैदान झाले. त्या शहरात राहणाऱ्यांना खेळण्याचे शुल्क बाहेरच्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे. २००८ मध्ये टायगर वुड्सने पायाचे हाड मोडलेले असताना यूएस ओपन जिंकले ते इथेच. शेजारच्या कड्यावरून ग्लायडर उडवणारे उड्या घेतात, आणि तो वर चढणारा वारा कसा असतो ते त्यांच्याकडे पाहून डोळ्यांनी कळते.

कडा कोणाचा?

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ओल्ड हेड ऑफ किन्सेल हे भूशिर आहे. १९१५ च्या ७ मे रोजी लुसिटानिया हे प्रवासी जहाज पाणतीराने बुडवले गेले आणि सुमारे १,२०० माणसे दगावली, ती याच भूशिरासमोरच्या समुद्रात. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे फिरायला जात. १९९७ मध्ये भूशिरावर गोल्फ मैदान सुरू झाले आणि खेळणाऱ्यांखेरीज इतरांना फाटकापाशी अडवले जाऊ लागले. लोकांनी आंदोलन केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये निकाल मैदानाच्या मालकांच्या बाजूने लागला. आता न खेळणाऱ्याने फाटकाबाहेरच्या जुन्या निरीक्षण मनोऱ्यावर जावे; तिथे लुसिटानियाचे संग्रहालय आहे आणि वरून भूशिर दिसते.

कायद्याने काहीही ठरो, समुद्राची धार अशी बंद करणे योग्य नाही. खेळ आणि वाटसरू एकत्र नांदू शकतात हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर रोज दिसते. तिथली १,००० किलोमीटरहून लांब किनारी पायवाट थर्लस्टोनसारख्या मैदानांच्या कडेने जाते. खेळाडू मारायच्या तयारीत दिसला की चालणारा थांबतो, फटका झाला की निघतो. ‘फोर’ अशी, चेंडू अंगावर येत असल्याच्या इशाऱ्याची, आरोळी आली तर मान वर करून पाहायचे नसते. डोके हातांनी झाकून खाली वाकायचे. यापलीकडे पाहुण्याला नियम फारसे नाहीत: ग्रीनवर पाय ठेवू नये, बंकरमध्ये उतरू नये आणि फोटोसाठी धारेपर्यंत जाऊ नये. पातळ मातीखाली खडक पोखरलेला असू शकतो.

टॉवेल, चेंडू आणि पाणी

खेळाडूच्या बॅगेला अडकवलेला छोटा टेरी टॉवेल सोलापूरकराच्या नजरेतून सुटणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर दिवसरात्र निघतो तो हाच प्रकार. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. खेळाडू टॉवेलचे एक टोक ओले ठेवतो आणि दुसरे कोरडे. ओल्या टोकाने काठीच्या पात्यावरच्या खाचांतली माती काढायची, कोरड्याने काठीची मूठ पुसायची. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत मूठ सारखी ओलसर होते आणि ओली मूठ फिरली की चेंडू भलतीकडे जातो. टॉवेलवरच्या उभ्या सुती लूपांमुळे पाणी पटकन शोषले जाते. उंची हॉटेलच्या दुकानात असा टॉवेल दुसऱ्या देशाच्या नावाने घेण्यापूर्वी आपल्याकडचा बॅगेत टाकून न्यावा.

चुकलेला चेंडू कड्याखाली जातो. नियमानुसार हरवलेला चेंडू तीन मिनिटेच शोधता येतो, आणि समुद्राला दंडक्षेत्र ठरवलेले असेल तर एका फटक्याचा दंड घेऊन नवा चेंडू टाकता येतो. जुना तळाशी राहतो. पेबल बीच परिसरातल्या समुद्रतळावरून अॅलेक्स वेबर या शाळकरी मुलीने व तिच्या सहकाऱ्यांनी ५० हजारांहून अधिक चेंडू गोळा केले. त्यावरचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटांनी घासून चेंडूचे आवरण झिजते आणि प्लॅस्टिकचे कण व जस्ताची संयुगे पाण्यात जातात. हे नुकसान खरे आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि उजनीचे पाणी काही दिवसांआड भरून ठेवणाऱ्या शहराने तो विचारायलाच हवा. पेबल बीचच्या मैदानांना १९९४ पासून सांडपाणी शुद्ध करून पुरवले जाते. अठरा होलांचे मैदान साधारण ५०-६० हेक्टरांचे असते. एवढी हिरवळ पिण्याच्या पाण्यावर जगवणे कोरड्या प्रदेशात समर्थनीय नाही.

सोलापूरहून जवळचा कडा

परदेशी जाणे न जमणाऱ्याला कड्यावरचा वारा अनुभवायला रत्नागिरी पुरते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा रस्ता आहे. रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ आहे, दीपगृह आहे आणि तटाखाली थेट अरबी समुद्र. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्याच्या अखेरीस रानफुले येतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. अशा जमिनीवर माती पसरून हिरवळ लावली तर ही दोन्ही कायमची गाडली जातील. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेपासून निर्बंध आहेत. सडे मात्र पुष्कळदा या पट्ट्याच्या बाहेर, वर पसरलेले असतात.