निवडणूक अपप्रचार आणि माध्यमसाक्षरता

निवडणुकीच्या काळात मतदारांची दिशाभूल करण्यासाठी पसरवलेली खोटी किंवा मोडतोड केलेली माहिती म्हणजे निवडणूक अपप्रचार. ती ओळखणे, तपासणे आणि खात्री होईपर्यंत पुढे न ढकलणे ही माध्यमसाक्षरता. प्रतिस्पर्ध्यावरची बोचरी टीका, फुगवलेले आश्वासन किंवा चुकलेला अंदाज यांची गणना अपप्रचारात होत नाही. खोटे मुद्दाम रचणारा आणि ते खरे समजून फॉरवर्ड करणारा यांतही फरक करावा लागतो. दुरुस्ती दाखवून उपयोग होतो तो खरे समजून फॉरवर्ड करणाऱ्यालाच.

चर्चा बहुधा नेत्यांच्या बनावट चित्रफितींची होते. मतदाराचे प्रत्यक्ष नुकसान मात्र मतदानाच्या प्रक्रियेविषयीच्या साध्या मजकुरानेही होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे वेळापत्रक १६ मार्चला जाहीर झाले. त्याआधीच, फेब्रुवारीत, तारखांसह एक बनावट वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. मत न दिल्यास बँक खात्यातून ३५० रुपये कापले जातील, ही अफवाही निवडणूक आली की पुन्हा डोके वर काढते.

सर्वांत चिवट संदेश ‘चॅलेंज व्होट’चा. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून कलम ४९अ खाली मत द्या, तुमचे मत कुणी आधीच दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, अशी मते १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होते, असे त्यात म्हटलेले असते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यादीत नाव नसेल तर कोणत्याही ओळखपत्रावर मत देता येत नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने २ रुपये भरून एखाद्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप. त्याची चौकशी केंद्राध्यक्ष करतो. टेंडर मत खरेच असते (नियम ४९प), पण ते यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर घेतात. १४ टक्क्यांची अट कुठल्याही नियमात नाही. संदेशात थोडे खरे मिसळलेले असल्याने तो टिकतो, आणि त्यावर विसंबलेला माणूस आधी यादी न पाहता थेट केंद्रावर पोचतो. तोवर नाव नोंदवण्याची मुदत संपलेली असते.

महाराष्ट्रात दोन आयोगांमुळे गोंधळ वाढतो. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोगाकडे. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एकाच मतदाराला प्रभागातील अनेक जागांसाठी मते द्यायची असतात. एका आयोगाचा खरा नियम दुसऱ्याच्या निवडणुकीत फिरला तरी तो अपप्रचारच ठरतो.

खोट्याला वेळही सोयीची लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचार बंद असतो, म्हणजे जाहीर उत्तर देण्याची साधनेही आटतात. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभा मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइन व्यवहाराच्या ध्वनिफिती पसरल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचे सांगून तक्रार केली; पडताळणी करणाऱ्यांच्या साधनांनीही त्यांतील बहुतेक फिती कृत्रिम असण्याची शक्यता दाखवली. अशी साधने संभाव्यता सांगतात, निकाल देत नाहीत. आवाज काही सेकंदांचाच असेल, मागे गोंगाट असेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल दाबली गेली असेल, तर ती सहज फसतात.

दुसरी फट मतदानाच्या आकड्यांत असते. त्याच निवडणुकीत सायंकाळी ५ चा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५. पाचचा आकडा दूरध्वनीने गोळा केलेला, तात्पुरता असतो. मतदान सहापर्यंत चालते आणि तेव्हा रांगेत असलेल्यांना चिठ्ठी देऊन त्यांचेही मत घेतात. तफावतीबद्दल विचारणे हा काही अपप्रचार नव्हे. फक्त ते नमुना १७सी हातात घेऊन विचारावे: यंत्रात नोंदलेल्या मतांचा हा हिशेब मतदान संपताच प्रतिनिधींना मिळतो. निकालानंतर मतदान केंद्रनिहाय मते नमुना २० मध्ये येतात. धुळे ग्रामीणमधील अवधान गावात काँग्रेस उमेदवाराला शून्य मते पडल्याचा दावा अशाच केंद्रनिहाय नोंदीने खोडला गेला. तिथे त्याला १,०५७ मते होती. नोंदी खुल्या असल्या की खोडणे सोपे जाते. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ (निवडणुकीची कागदपत्रे पाहण्याविषयीचा) बदलून सीसीटीव्ही चित्रण पाहण्यावर घातलेली मर्यादा संशय घटवणारी नव्हती.

चित्रफीत तपासताना आधी ती थांबवून दोन-तीन स्पष्ट चौकटींचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि ते उलट प्रतिमाशोधात (चित्र देऊन ते आधी कुठे आले होते हे शोधणाऱ्या सोयीत) टाकावेत. जुनी सभा नव्या तारखेने चिकटवलेली असेल तर बहुधा इथेच सापडते. वृत्तवाहिनीच्या नावाचे ग्राफिक कार्ड असेल तर तीच बातमी त्या वाहिनीच्या मूळ खात्यावर आहे का ते पाहावे; बनावट कार्डात मराठी टंक आणि ऱ्हस्व-दीर्घ अनेकदा चुकतात. पण केवळ शुद्धलेखनावर निवाडा करू नये, खऱ्या वाहिन्याही चुकतात. दुरुस्ती पाठवताना मूळ खोटे चित्र जसेच्या तसे देऊ नये, त्यावर ठळक फुली मारावी. नाहीतर तीच दुरुस्ती कापून पुन्हा अफवा म्हणून फिरते.

कायद्याचा हात मर्यादित आहे. निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, पण शिक्षा फक्त दंडाची. ६ मे २०२४ रोजी भारत निवडणूक आयोगाने पक्षांना बनावट मजकूर निदर्शनास येताच ३ तासांत काढायला सांगितले. तेवढ्यात तो शेकडो ग्रुपांत पोचलेला असतो. सरकारी माहितीचे खरे-खोटे केंद्र सरकारच्याच पथकाने ठरवावे, ही माहिती तंत्रज्ञान नियमांतील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

उरते ते शिक्षण, आणि त्याचा पुरावा मिश्र आहे. २०१९ च्या निवडणुकीवेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर झालेल्या प्रयोगात घरी जाऊन दिलेल्या तासाभराच्या धड्याने सरासरी फारसा फरक पडला नाही. नंतर तिथेच १३,५०० हून अधिक विद्यार्थ्यांना ग्रंथालयांतून काही आठवडे चार वर्ग दिले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याची क्षमता सुधारली आणि चार महिन्यांनीही टिकली. वर्ग घेणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सरावासाठी फक्त खोट्या बातम्या आणणे. मग मुले सगळ्यालाच ‘फेक’ म्हणू लागतात, खऱ्या बातमीलाही. सराव संचात निम्मी उदाहरणे खरी ठेवावीत, आणि त्यांतली काही ऐकायला अशक्य वाटणारी.