तीन भोकांची साक्ष

दोन बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफली. काडतूस एकच, वजन जवळपास सारखं, किंमतही आसपासची. शंभर मीटरवरच्या कागदावर दोन्हींतून तीन-तीन गोळ्या झाडल्या. एकीची भोकं २२ मिलिमीटरच्या पसाऱ्यात बसली, दुसरीची ३६. आता कोणती घ्यायची हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

हवा. फक्त तो बंदुकांपेक्षा संख्याशास्त्राचा असलेला बरा.

कोणतीही रायफल सगळ्या गोळ्या एकाच भोकात घालत नाही. त्या एका मध्याभोवती विखुरतात. एका कागदावरच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप. त्याचं माप म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, आणि गोळ्या तीनच असल्या की हे माप फार लहरी असतं. समजा, एखाद्या रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी ३० मिलिमीटर भरतो. तिचे सुमारे दोन तृतीयांश ग्रुप १९ ते ४१ मिलिमीटरच्या दरम्यान पडतील, उरलेले त्याच्याही बाहेर. म्हणजे वरचे दोन्ही कागद एकाच रायफलीचे असू शकतात! तिच्यातूनच दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुप सरासरी ४७ मिलिमीटरपर्यंत पसरेल. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या वाढल्या की एखादी लांब भटकण्याची शक्यता वाढते, इतकंच. खिशातून काढून कौतुकाने दाखवला जाणारा कागद बहुधा अनेक कागदांतून निवडलेला असतो, हेही ध्यानात ठेवावं.

रायफलींच्या बाबतीत 'एक मिनिटाची अचूकता' हा शब्दप्रयोग सतत कानावर पडतो. हे मिनिट घड्याळातलं नाही. अंशाचा साठावा भाग, म्हणजे आपल्या खगोलगणितातली कला. शंभर मीटरवर तिची रुंदी २९ मिलिमीटर होते, दोनशेवर ५८. दीड मिनिटाची रायफल दोनशे मीटरवर ८७ मिलिमीटरचा पसारा देईल. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग ढोबळमानाने २० सेंटिमीटरचा धरतात, त्यात हे दोन्ही पसारे आरामात मावतात. चढण चढून आलेल्या, उभ्याने नेम धरणाऱ्या माणसाचे हात त्याहून कितीतरी जास्त हलतात.

मग फरक शोधायचा तो यंत्रात. बोल्ट म्हणजे खरं तर दाराचा अडसर: पुढे सारायचा, फिरवायचा, की टोकाच्या खुंट्या खाचांत अडकतात. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात दाब ४००० बारच्या घरात जातो आणि तो सगळा भार या खुंट्या पेलतात. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या माउझर रायफलीत पुढे अशा दोन खुंट्या होत्या. आजच्या कितीतरी रायफली त्याच वळणाच्या आहेत. दोन खुंट्यांचा बोल्ट साधारण ९० अंश उचलावा लागतो, तीन खुंट्यांचा ६०. कमी उचल म्हणजे हात रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीला आपटत नाही. पण बहुतेक रायफलींत बोल्ट उचलतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते, आणि तेवढंच काम ६० अंशांत उरकायचं तर जोर सरासरी दीडपट लागतो. छोट्या घाटाला चढ जास्त, तसंच. वंगण आणि सफाईदार घडण यांनी तो जाणवेनासा होऊ शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता बोल्ट दहा वेळा चालवून पाहावा.

माउझरचा रुंद चिमटा काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, वर येतानाच पकडतो, त्यामुळे घाईतही ते अडकण्याचा धोका कमी. १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये तो होता; १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी काढून टाकला आणि शिकारी मंडळी अशी भडकली की त्याआधीच्या रायफलींना आजही वेगळा भाव मिळतो. १९६२ ची रेमिंग्टन ७०० मात्र त्या चिमट्याशिवायच लाखोंनी खपली. अंगावर येणारं जनावर समोर नसेल तर मी या वादात पडणार नाही.

नळीकडे जास्त लक्ष द्यावं. तिचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो: दहा टक्के जाड नळी जवळपास दीडपट ताठर. जड मात्र होते. आतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा, पीळही पाहावा. दहा इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीतून ८५० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या गतीने गरगरते. १८७९ मध्ये ग्रीनहिल या गणितज्ञाने पिळाचं सूत्र मांडलं, त्यात गोळीचं वजन नाही, लांबी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो. शिसं टाळून तांब्याकडे वळायचं असेल, तर दहा इंची आणि बारा इंची पिळातला फरक कागदावरचा राहत नाही.

दस्ता, म्हणजे नळी धरून ठेवणारा आणि खांद्याला टेकणारा भाग, लाकडी असेल तर तो दमट हवेत फुगतो आणि नळीवर दाब आला की नेम सरकतो. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहणं ही सोपी परीक्षा.

वजनाचा हिशेब दुधारी आहे. त्याच काडतुसाने तीन किलोच्या रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का सुमारे २५ ज्यूल, चार किलोच्या रायफलीचा सुमारे १९. हलकी रायफल दिवसभर वाहायला सुखाची, पण धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागली, की त्या मिनिटभर अचूकतेचं काही उरत नाही.

दोन रायफलींत शेवटी निवड माझ्या मते गालाने करावी. चेंबर (नळीच्या मागचा काडतुसाचा कप्पा) आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सहज टेकेल तिथे टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतलं वर्तुळ कडेला काळी कोर न दिसता पूर्ण दिसायला हवं. मान ताणावी किंवा डोकं उचलावं लागलं, तर दस्ता आपल्या मापाचा नाही. हे थंडीच्या जाड कोटात पुन्हा करून बघावं. कोटाची जाडी दस्त्याच्या लांबीत मिळवली जाते.