जवारी मिरचीचं बी: भेसळ आज होते, कळते तिसऱ्या वर्षी

हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडे परसात मिरची लावणाऱ्यांची एक समजूत पक्की असते: शेजाऱ्यानं ढोबळी लावली की आपली जवारी, म्हणजे गावरान, मिरची सपक होते. यात तथ्य आहे, पण वर्ष चुकतं. ज्या वर्षी ढोबळी शेजारी आली, त्याच वर्षीची मिरची तिच्यामुळे सपक होणं शक्य नाही. ती सपक झाली असेल तर पाणी जास्त झालं का ते बघा, कारण पाण्याचा थोडा ताण बसलेल्या झाडाची मिरची जास्त झणझणीत होते. ढोबळीचा खरा परिणाम पुढे, आपण ती विसरून गेल्यावर दिसतो. संकेश्वरीसारखं जुनं वाण घरात जतन करायचं असेल तर हा उशीर का होतो ते आधी समजून घ्यायला हवं. बी धरण्याचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

मिरचीच्या एका फळात दोन पिढ्या एकत्र असतात. देठ, साल आणि आतला पांढरा शिरांचा भाग हे सगळं आईच्या झाडाचं. पराग कुठूनही आला तरी या भागांत त्याचा वाटा शून्य. बापाचा वाटा असतो तो फक्त बीच्या आत, गर्भात. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तयार होतं त्या पांढऱ्या शिरांत, बीमध्ये नव्हे. बिया तिखट लागतात त्या शिरांना चिकटून असल्यामुळे. म्हणजे फळाची लांबी, रंग, सुरकुत्या, तिखटपणा हे सगळं आई ठरवते. परका पराग पडून गेला तरी फळाकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही.

आता पुढचं वर्ष. त्या फळातलं बी पेरलं, रोप आलं, त्याला मिरच्या लागल्या. हे झाड जवारी आई आणि ढोबळी बाप यांचं. तरी मिरची तिखटच असते! कारण तिखटपणाचा मुख्य जनुक. २००५ मध्ये त्याची ओळख पटली, नाव पन-१. कॅप्सेसिन जोडण्याच्या कामाला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावरून बनतं. ढोबळीत या जनुकाचा सुरुवातीचा तुकडाच गळालेला आहे, म्हणून तिच्यात ते विकर बनत नाही. पण प्रत्येक झाडात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत धड असली तरी काम चालतं. त्यामुळे संकरित झाड तिखट निघतं, फार तर थोडं कमी. बारीक नजरेला फळाची जाड साल आणि बुटका घाट खटकेल, पण चवीवर विसंबलात तर फसाल.

तिसऱ्या वर्षी मात्र या झाडाच्या स्वपरागातून झालेल्या रोपांपैकी चौथा हिस्सा दोन्ही मोडक्या प्रती घेऊन येतो, आणि ती मिरची अजिबात तिखट नसते. तेव्हा आपण त्या वर्षीच्या पावसाला, खताला किंवा नव्या शेजाऱ्याला दोष देतो.

आकडे मांडून बघू. समजा पहिल्या वर्षी धरलेल्या बियांपैकी ४ टक्के बिया ढोबळीच्या परागाच्या होत्या. तिसऱ्या वर्षी बिनतिखट झाडं निघतील ४ टक्क्यांचा चौथा हिस्सा, म्हणजे १ टक्का. परसात ३० झाडं असतील तर त्यांत असं एकही झाड न येण्याची शक्यता ०.९९ चा ३० वा घात, सुमारे ०.७४. चारातल्या तीन वेळा मोडका जनुक वाणात शिरलेला असूनही दिसणारच नाही. आणि हे झालं ढोबळीचं, जिथे एकच जनुक आहे आणि फरक ठळक आहे. शेजारी तिखट हायब्रीड असेल तर लांबी, सालीची जाडी, रंगाची गडदता असे पुष्कळ जनुकांवर अवलंबून असलेले गुण थोडेथोडे सरकत जातात आणि कुठल्याच वर्षी बोट ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून राखण करायची ती फुलाची. फळ दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरू शकतं, त्यामुळे पुष्कळ जण निर्धास्त असतात. पण फूल जवळून बघा. पाकळ्या सकाळी लवकर उघडतात, आणि त्या वेळी निळसर जांभळे परागकोश मिटलेलेच असतात. ते उभे चिरून पराग मोकळा होतो तो ऊन चढल्यावर. मधल्या वेळात कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं मधलं टोक, मात्र तयार असते, कित्येक झाडांत ती परागकोशांच्या वर डोकावतही असते. अंडाशयाच्या बुडाशी मध आहे, मधमाशा येतात, आणि त्या आधी कुठल्या फुलावर बसल्या होत्या यावर आपला ताबा नाही. प्रमाणित बियाण्याच्या नियमांत मिरचीला पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यातून प्रमाणित बी वाढवतात त्यासाठी, ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर विलगीकरण अंतर सांगितलेलं आहे. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत ते जमणार नाही. तिथे पिशवीच हवी.

पिशवी नायलॉनच्या बारीक जाळीची, ४० मेशची, किंवा विरळ मलमलीची. साधारण एक फूट लांब. प्लास्टिकची नको, आत वाफ धरते आणि फुलं गळतात. कळ्यांनी भरलेली एक फांदी निवडायची. तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं सगळी खुडून टाकायची. एखादं उघडं फूल राहिलं तर पिशवी बांधून उपयोग नाही. फांदीला कापसाची वळी गुंडाळून त्यावर पिशवीचं तोंड बांधायचं, म्हणजे साल कापत नाही आणि फटीतून मुंग्या, फुलकिडे शिरत नाहीत. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला टिचक्या मारायच्या, कारण आत मधमाशी नाही आणि वाराही कमी. पाच-सहा फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढायची आणि त्या फळांच्या देठांना लगेच रंगीत दोरा बांधायचा. दोरा उद्यावर टाकला की कुठली फळं झाकलेली होती ते ओळखता येत नाही. दिवसाचं तापमान पस्तिशीपुढे गेलं की परागच निकामी होतो. म्हणून उन्हाळी बहरात पिशव्या बांधत बसू नका. मेअखेर रोप टाकून जुलैत लावण केलेल्या मिरचीचा पहिला बहर बीसाठी चांगला.

आता किती झाडांचं बी धरायचं? इथे घरोघरी एकच चूक होते: सगळ्यांत देखणं एक झाड निवडून त्याचंच बी ठेवतात. जवारी वाण म्हणजे एकसारखी झाडं नव्हेत. त्यात कुणी उशिरा फुलतं, कुणी पावसाची झड सोसतं, कुणी बोकड्याला, म्हणजे पानं आकसण्याच्या रोगाला, कमी बळी पडतं. समजा असा एखादा गुण शंभरातल्या पाच झाडांतच आहे. एका झाडाचं बी धरलं तर तो सुटून जाण्याची शक्यता ९५ टक्के. दहा झाडांचं धरलं तर ६० टक्के, तीस झाडांचं धरलं तर २१ टक्के, साठ झाडांचं धरलं तर साधारण ५ टक्के. एकदा सुटलेला गुण त्या घरात परत येत नाही. ६० बाय ४५ सेंटिमीटरवर तीस झाडांना आठ चौरस मीटर जागा लागते, गुंठ्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. दोन घरांनी तीस-तीस लावून बी एकत्र केलं की साठ झाली. प्रत्येक झाडाची फळं मोजून सारखीच घ्या, पाच म्हणजे पाच. जास्त फळणाऱ्याचं जास्त घेतलं की वाण त्याच्याकडे झुकतं. सारखा वाटा ठेवला की पिढीगणिक नुसत्या योगायोगानं होणारी विविधतेची गळती जवळजवळ निम्म्यावर येते. उपटायची ती फक्त उघड भेसळीची झाडं, म्हणजे आखूड, जाड सालीची, वर तोंड करून लागलेली फळं असणारी, आणि रोगट झाडं.

पानं आकसून झाड बोकडलं की नजर लागली म्हणून काळा दोरा बांधणं, विटाळाच्या बाईला वाफ्यात जाऊ न देणं अजून चालतं. बोकड्याचं कारण पानावर लिहिलेलं असतं. पान होडीसारखं वर वळलं असेल तर फुलकिडे, उलट्या होडीसारखं खाली वळलं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड), आणि लहान जाडसर पानांचा गुच्छ होऊन वाढ खुंटली असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. पाळी आलेल्या बाईच्या हातानं यातलं काहीच होत नाही. हातानं पसरणारा एक विषाणू मात्र खरा आहे आणि निपाणी भागात त्याची आठवण ठेवायलाच हवी: तंबाखूचा मोझॅक. तो वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो, मळलेल्या हातावरून मिरचीच्या रोपाला लागतो आणि बीच्या टरफलावर बसून पुढच्या वर्षात जातो. रोपांना हात लावण्याआधी साबणानं हात धुवा, मग तो हात बाईचा असो की पुरुषाचा. शंका असेल तर बी दहा टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून वाहत्या पाण्यात चांगलं धुवून घ्यावं.

'हजारो वर्षांचं शुद्ध देशी बी' अशी जाहिरात दिसली तर मिरचीच्या बाबतीत ती सरळ खोटी. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आली. घटप्रभा आणि हिरण्यकेशीच्या काठच्या शेतकऱ्यांनी तिला आपल्या माती-पावसाला बेतून घेतलं ते गेल्या चारेकशे वर्षांत, दर वर्षी बी धरून. ते काम मोठंच आहे, त्याला हजारो वर्षांची जोड लागत नाही.

फळ पूर्ण लाल होऊन देठाकडे सुरकुतू लागलं की तोडावं आणि आठवडाभर सावलीत ठेवावं. मग बी काढून कागदावर पसरून वाळवावं. पत्र्यावर भर उन्हात नको, ओलं बी चाळीस अंशांपुढे तापलं की गर्भ मरतो. बी टिकण्याचा ढोबळ नियम असा: बीतला ओलावा एक टक्का कमी झाला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंश उतरलं की पुन्हा दुप्पट. खानापूर-बेळगावच्या पावसाळी हवेत उघड्या डब्यातलं बी अकरा टक्क्यांच्या आसपास ओलं राहतं. ते सात टक्क्यांवर आणलं की चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. त्यासाठी बीच्या वजनाइतकं सिलिका जेल घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर बीसोबत ठेवावं, बी कागदी पाकिटात आणि जेल सुट्टं. जेल मिळालं नाही तर तव्यावर कोरडे भाजून बंद डब्यात गार केलेले तांदूळ चालतात, ते मात्र बीच्या तिप्पट घ्यावेत आणि मधे एकदा बदलावेत. बी वाकवल्यावर कट्‌कन मोडलं म्हणजे वाळलं. नुसतं लवलं तर अजून ओलावा आहे.

मग बरणी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर हवेतलं पाणी गार बीवर जमतं आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. दर दोन वर्षांनी ओल्या कापडात पन्नास बिया गुंडाळून उबेला ठेवून बघाव्यात. दोन आठवड्यांत तीस उगवल्या, म्हणजे साठ टक्के, तर प्रमाणित बियाण्याची किमान अट पुरी झाली. त्याच्या खाली जाण्याची वाट न बघता पुन्हा साठ झाडं लावावीत. पाकिटावर वाणाचं नाव, गाव, वर्ष आणि किती झाडांचं बी ते शिसपेन्सिलीनं लिहावं, शाई ओलीनं पुसली जाते. आणि अर्धं बी दुसऱ्या घरात ठेवायला द्यावं.